बांधावरची चौसष्ट झाडं

साखराबाईच्या पोटात दुखायला लागलं त्याला आता आठ वर्षं झाली होती, आणि हे दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. दुखण्याचं नाव मनकर्णा. साखराबाईचा नवरा सुग्रीव, त्याचा धाकटा भाऊ सोमनाथ, आणि त्या सोमनाथची ही बायको. सावळी, गोड बोलायची, आणि गावात कुणालाही विचारा, मनाने मोठी. 'मनाने मोठी' हे शब्द कानावर पडले की साखराबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली. रीत अशी, की हिस्से थोरल्याने पाडायचे आणि निवड धाकट्याने करायची; म्हणजे पाडणाऱ्याच्या हातून लबाडी होत नाही. चौसाळ्यापासून कोसभरावर त्यांची आठ एकर जमीन. खालच्या अंगाला चार एकर काळी, हात घातला तर कोपरापर्यंत माती. वरच्या अंगाला चार एकर मुरमाड, कुदळ मारली की ठिणगी. मधून एक लांबलचक बांध. काळीचं पारडं जड दिसू नये म्हणून साखराबाईने सुग्रीवला मुरमाडाच्या हिश्श्यात चिंच आणि गोठा घालायला लावला. तरी तिच्या जिवाला घोर होताच. धाकटी काळीवरच बोट ठेवणार, हे उघड होतं. भांडायची सगळी तयारी करून, पदर खोचून ती बसली होती.

आणि मनकर्णा म्हणाली, "आमाला मुरमाड द्या. थोरल्यांनी इतकी वर्सं काळीत कष्ट केलेत. ती त्येंचीच असू द्या."

झालं! जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने तर डोळे पुसले. साखराबाईला पाहिजे तीच जमीन मिळाली, आणि मिळाली त्याच दिवसापासून ती तिला गोड लागेना. भांडून घेतली असती तर हक्काची वाटली असती. ही कुणी तरी वाढून ठेवलेल्या ताटासारखी वाटायची. कापूस चांगला आला तरी लोक म्हणत, "येणारच की, मनकर्णाबाईनं काळी सोडली तुमच्यासाठी." तूर चांगली आली तरी तेच. साखराबाई वरवर हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

सोमनाथ ट्रकवर ड्रायव्हर. रुईच्या गाठी घेऊन तो पार पंजाबपर्यंत जायचा. एका फेरीत त्याने तिकडे शेताशेतातून उभी केलेली पॉप्लरची झाडं पाहिली. ओळीत लावलेली, सरळसोट, मधे हिरवागार गहू. एका ढाब्यावर कुणा सरदारजीने त्याला सगळं गणित सांगितलं. गव्हाचे पैसे दरवर्षी, झाडाचे सहा-सात वर्षांनी एकदम; झाड प्लायवूडच्या कारखान्याला जातं. सोमनाथच्या डोक्यात ते असं बसलं की पुढच्या फेरीला त्याने पन्नास पॉप्लरची कलमं ओल्या गोणपाटात गुंडाळून केबिनमध्ये पायापाशी ठेवून आणली. वाटेत प्रत्येक टोलनाक्यावर उतरून पाणी शिंपडलं म्हणे.

पन्नासच्या पन्नास लागली, आणि उन्हाळ्यात पन्नासच्या पन्नास वाळली. ती पंजाबच्या थंडीची झाडं. बीडचं ऊन त्यांना कुणी विचारून दिलं होतं? शेवटचं झाड वाळलं त्या दिवशी साखराबाईने घरात पुरणाच्या पोळ्या केल्या.

"आज काय सण हाय?" सुग्रीवने विचारलं.

"सणच पायजे का? केल्या सहज."

सुग्रीव शहाणा माणूस. त्याने तूप वाढून घेतलं आणि पुढे विचारलं नाही.

पण सोमनाथ हटणारा नव्हता. एका रोपवाटिकेतल्या माणसाने त्याला सांगितलं, पॉप्लरचा नाद सोड, आपल्या हवेला मलबार नीम लाव. कडुनिंबाचाच भाऊबंद, पण वाढायला पोराटोरांसारखा, बघता बघता उंच. लाकूड तेच, प्लायवूडचं. मग मुरमाडात पंधरा-पंधरा फुटांवर ओळी आखल्या गेल्या, ठिबक अंथरलं, आणि आतल्या ओळी झाल्यावर चौसष्ट रोपं उरली. ती बांधावर लावावीत असं ठरलं. बांध सामाईक, म्हणून सोमनाथने थोरल्या भावाला आणि वहिनीला बोलावलं. आजूबाजूच्या शेतातले चार-सहा जण चहाला जमले.

"दादा, बांध दोघांचा हाय," सोमनाथ म्हणाला. "रोपं माझी, जागा निम्मी तुमची. झाड निघंल तवा पैसा निम्मा-निम्मा."

सुग्रीव होय म्हणणार इतक्यात साखराबाईने त्याला कोपर मारलं. पॉप्लरची वाळकी काटकं अजून तिच्या डोळ्यांपुढे होती. हीही वाळणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि पुन्हा ते दिल्यासारखं देणं! मनकर्णा बाजूला कपबशा घेऊन गोड हसत उभी. साखराबाईचं डोकं फिरलं.

"आमाला निम्मं नको," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "चौथाई नको. तुमच्या झाडाचं पानसुद्दा नको. फकस्त आमच्या कापसावर सावली आली तर आमच्या अंगाची फांदी मी तोडणार. तेवढं ऐकून ठिवा."

"तोडा की जाऊबाई," मनकर्णा म्हणाली. "तुमचा हक्कच हाय."

रोपं वाळली नाहीत. उलट बांधावरची चौसष्ट तर अशी माजली की बघवेना. आतल्या ओळींना ठिबकचं मोजकं पाणी. बांधावरच्यांच्या मुळ्या थेट खाली काळीत उतरलेल्या. साखराबाई कापसाला पाणी सोडायची, खत टाकायची, आणि ते पिऊन दुसऱ्याची झाडं फुगायची. दुसऱ्याच वर्षी त्यांची सावली दुपारनंतर कापसाच्या पहिल्या चार तासांवर, म्हणजे ओळींवर, पडायला लागली. तिथली बोंडं बारकी राहिली. पलीकडे मनकर्णाने दोन वर्षं सोयाबीन घेतलं, मग सावली दाटली तशी मधे हळद लावली, आणि हळदीला ती सावली मानवली. इकडे सावलीने नुकसान, तिकडे त्याच सावलीने नफा. आता सांगा, कुणाचं पोट दुखणार नाही?

साखराबाईने कोयता काढला.

ती धनगराघरची लेक. लहानपणी बापामागे शेरडं वळताना बाभळीच्या, बोरीच्या फांद्या तोडून टाकायची. तेव्हा आईने हाताला एक वळण लावलं होतं, की फांदी तोडली तर खोडाच्या अगदी अंगालगत तोडायची, खुंटी ठेवायची नाही. खाली मान घालून चरणाऱ्या शेळीचा डोळा जातो. ते वळण पन्नाशीलाही सुटलं नव्हतं. आधी ती फक्त आपल्या अंगाच्या फांद्या तोडायची. पण एका बाजूने बोडकं आणि एका बाजूने डेरेदार असं झाड बघून तिच्या जिवाची तगमग व्हायची. त्या उरलेल्या फांद्या मनकर्णासारख्याच पलीकडून हसताहेत असं तिला वाटायचं. चौसाळ्याच्या बाजारादिवशी मनकर्णा घरी नसायची. साखराबाई बांध ओलांडायची आणि पलीकडच्याही फांद्या साफ करायची. शिडी लावून दोन पुरुष उंचीपर्यंत वर पानच ठेवायची नाही.

"कर मोठं मन," प्रत्येक घावाबरोबर ती पुटपुटायची. "कर अजून मोठं."

तिचा हिशोब सोपा होता. झाड जगतं पानावर. पान काढत राहिलं की झाड खंगणार. एकदम मारलं तर लोक बोट दाखवतील. असं वर्षानुवर्षं बोडकं ठेवलं की आपसूक काठ्या होतील. आणि व्यापारी आला की मनकर्णाच्या तोंडावर सांगेल, ही ओळ कामाची नाही. तो दिवस आपल्या डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच इच्छा तिने मनात धरली. त्या दिवशी गावाला कळेल, काळी सोडून मुरमाड घेणारी मनाने मोठी नव्हती, अक्कलशून्य होती.

पाला फुकट कशाला घालवायचा म्हणून ती शेळ्यांना टाकायची. 'पानसुद्धा नको' म्हटलं होतं, ते शेळ्यांना थोडंच लागू होतं?

पाच वर्षं ती हे करत राहिली. दर पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा. चौसष्ट झाडांपैकी एकही तिला अनोळखी राहिलं नाही. सातवं जरा वाकडं निघत होतं, त्याची एका अंगाची फांदी आधी काढली की सरळ होतं. तेविसाव्याला दोन शेंडे फुटले होते. तिने रागाने एक उडवला. चाळिसाव्यावर मुंगळे. मनकर्णाला आपल्या झाडांची एवढी खबर नव्हती. सोमनाथ महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर, ही एकटी हळदीत गुंतलेली. आतल्या ओळींना तिने कधी कोयता लावला नाही. खालपासून वरपर्यंत फांद्यांनी भरलेली ती दाट झाडं लांबून बघितली की साखराबाईच्या छातीत कळ यायची.

सातव्या वर्षी, माघात, व्यापारी आला. शिवशंकर शेठ. बीडकडून त्याची गाडी आली, बरोबर दोन माणसं, हातात रंगाचे डबे. सोमनाथ मुद्दाम रजा टाकून घरी आलेला. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. साखराबाईने बरोबर बांधाकडचं तास धरलं आणि एकाच झाडाची बोंडं पंधरा मिनिटं वेचत राहिली.

शेठची माणसं आधी आतल्या ओळींत गेली. झाडाभोवती फिरायचं, वर बघायचं, टेप लावायचा आणि खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढायचा. पांढरा, पांढरा, पांढरा. सगळी आतली झाडं पांढरी झाली. मग ती माणसं बांधावर आली. शेठने पहिल्या झाडावर हात फिरवला, खालून वर बघितलं, मागे सरकून पुन्हा बघितलं, माणसाच्या कानाला लागला. माणसाने पांढरा डबा खाली ठेवला आणि लाल उचलला.

साखराबाईने वेचता वेचता मान वर काढली. लाल! दुसरं झाड लाल. तिसरं लाल. ते सातवं, एकेकाळचं वाकडं, तेही लाल. चौसष्टच्या चौसष्ट झाडांना लाल पट्टे ओढले गेले. जन्मभर तिने लाल रंग एकाच अर्थाने बघितला होता. शाळेच्या निकालात लाल, रस्त्यावर थांबा म्हणायला लाल, औषधाच्या डब्यावर विषाची खूण लाल. आता हीच ओळ मोडीत निघाली, यात काय संशय?

तिने वेचणी तिथेच टाकली. घरी गेली, तोंड धुतलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि ताकाचा तांब्या घेऊन परत आली. असा दिवस आयुष्यात एकदा येतो, तो घामट लुगड्यात कशाला बघायचा? सुग्रीव आधीच बांधावर जाऊन उभा होता. शेजारच्या शेतातले दोघे-तिघेही गाडी बघून आले होते. साखराबाईने चेहरा जमेल तेवढा पाडला, मनकर्णाच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताक घे मनकर्णे. जिवाला लावून घिऊ नगंस. व्हतं असं. इतकी वर्सं संबाळलीस, पन झाडाचं काय, माणसाच्या हातात थोडंच असतं? जळणाला तरी जातील."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कोण जळणाला जाईल?" शिवशंकर शेठने विचारलं.

"हीच की. लाल केलेली."

शेठ आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "आवं बाई, लाल म्हंजे एक नंबर. सरळ प्लायवूडच्या कारखान्याला. टनाला साडेसात हजार. ती पांढरी केली ती खोक्याला आन् कागदाच्या लगद्याला जायची, टनाला साडेतीन. त्येला गाठीच गाठी. मशीनवर पापुद्रा निघत न्हाई त्याचा, मधीच फाटतो." त्याने बांधावरच्या झाडावर थाप मारली. "हे बघा. पंधरा फूट एक गाठ न्हाई. खुंटी न ठेवता अंगालगत छाटलंय, वर्सावर्साला. हे शिकलेल्या माणसाचं काम हाय. मी सोमनाथरावांना तेच इचारीत व्हतो, मानूस कुठला आनला व्हता? पैसे लई घेतले असतील."

सोमनाथने मान खाली घातली. सुग्रीवने आभाळाकडे बघितलं. बायको कुठे जाते, शेळ्यांपुढे कसला पाला पडतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तो पाच वर्षं मूग गिळून बसला होता. साखराबाईच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि ताक तिच्या धुतलेल्या लुगड्यावर सांडलं.

तिला वाटलं, जमीन फाटावी. पाच वर्षं! पाच वर्षं शिडी ओढली, खांदे दुखवले, तळहाताला घट्टे पडले, आणि कुणासाठी? हिच्यासाठी. आपल्या रागाचीसुद्धा हिने कमाई करून घेतली. शेजारचा एकजण बोटांवर हिशोब करत असलेला तिला दिसला. चौसष्ट झाडं, पंधरा-सोळा टन, सव्वा लाखाच्या आसपास. आणि त्यातलं निम्मं तिने याच बांधावर, याच माणसांपुढे, लाथेने दूर सारलं होतं.

मनकर्णाने तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"शेठ, मानूस बाहेरून न्हाई आनला," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच गोड, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आमच्या जाऊबाईंनीच छाटली ही."

"तुला ठावं व्हतं?" साखराबाईच्या तोंडून निघून गेलं.

"पयल्या वर्सापासून. रोपवाटिकेतल्या मानसानं सांगितलं व्हतं, की फांद्या काढाव्या लागतील. माझ्याच्यानं एकटीनं कुठं व्हनार? मग बगितलं, तुमी काढायलाय."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी कोयता ठिवला असता."

शेजारचे खो खो हसले. शेठही हसला. साखराबाईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. म्हणजे बाजारादिवशी ही मुद्दाम घर सोडून जायची. आपण चोरून येत होतो आणि ही आपल्याला वाट मोकळी करून देत होती. बाई, बाई, बाई! आणि लोक हिला मनाने मोठी म्हणतात.

"पन मला कुनाचं फुकट नको," मनकर्णा पुढे म्हणाली, आणि आता ती साखराबाईकडे नाही, जमलेल्यांकडे बघून बोलत होती. "बांध सामाईक हाय. जाऊबाई, ह्या ओळीचं निम्मं तुमी घ्या. तुमी तवा नको म्हनला व्हता, ते मी इसरले. आन् निम्मं घ्यायला जड जात आसंल तर छाटनीची मजुरी तरी घ्या. रोजाच्या दरानं. तुमी म्हनाल तसं."

"याला म्हनत्यात मन," शेजारचा म्हणाला.

साखराबाईला धाकटीचा डाव आरपार दिसला. आठ वर्षं तिने दुसरं काही बघितलं नव्हतं, हिलाच बघितलं होतं. हिची पापणी हलली तरी कळायचं. निम्मं घ्यावं तर आपलाच शब्द चारचौघांत गिळायचा. मजुरी घ्यावी तर थोरल्या जावेने धाकटीच्या बांधावर रोजाने राबलं, असं जन्मभर ऐकायचं. दोन्हीला नाही म्हणावं तर सव्वा लाख हिच्या पदरात, वर मोठं मनही हिचंच. आणि हिला पक्कं ठाऊक आहे, की साखराबाई नाहीच म्हणणार. मान ताठ ठेवून, लुगडं झटकून निघून जाणार. आजवर ती हेच करत आली होती. म्हणूनच ही एवढ्या मोकळ्या हाताने देत होती.

सुग्रीव हळूच म्हणाला, "चल घरला. ऱ्हाऊ दे."

साखराबाईने लुगडं झटकलं. पण निघाली नाही.

"निम्मं घेते," ती म्हणाली.

मनकर्णाचं हसू होतं तिथेच राहिलं, पण जरासं वाळलं. "घ्या की. तुमचंच हाय."

"आन् मजुरी बी घेते."

"म्हंजे?"

"आता तूच म्हनलीस, निम्मी झाडं माझी. म्हंजे चौसष्टातली बत्तीस माझी, बत्तीस तुझी. माझी बत्तीस मी छाटली, त्येची मजुरी मी कुनाला मागत न्हाई. तुझी बत्तीस बी मीच छाटली. त्येची मजुरी तू द्यायची. वर्साला दोनदा, पाच वर्सं. शिकलेल्या मानसाचं काम हाय म्हनं, मंग दर बी शिकलेल्या मानसाचा. का ओ शेठ, काय घेत्यात?"

शेठला आपण यात कसे सापडलो ते कळलं नाही. "झाडामागं... एका खेपेला चाळीस-पन्नास घेत्यात बाई."

"पन्नास," साखराबाई म्हणाली.

"जाऊबाई," मनकर्णाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "तुमी तर पानसुद्दा नको म्हनला व्हता."

"म्हनले व्हते. सगळ्यांच्या देखत म्हनले व्हते. आता सगळ्यांच्या देखत मागं घेते. थोरली हाय मी, तेवढं चालतंय मला." तिने लुगड्यावरचं ताक पुसलं. "तू मनानं मोठी, मी न्हाई. गाव सांगंल तुला."

कुणी हसलं नाही. शेजारचा म्हणाला, "वहिनी बोलतात ते बरोबर हाय म्हना," आणि दुसऱ्याने मान हलवली. सोमनाथ म्हणाला, "देऊ की वहिनी, हक्काचं हाय." मनकर्णाला मागे फिरायला जागा उरली नाही, देते म्हणून तीच तर मोठ्याने बोलली होती. तिने मान डोलावली. आणि डोलावताना तिने साखराबाईकडे असं बघितलं, की साखराबाईला ती नजर चटकन ओळखू आली. स्वतःच्या आरशात ती नजर तिने आठ वर्षं बघितली होती.

त्या दिवशी साखराबाई दोन भाकरी जास्त जेवली. पोटात कुठे काही दुखत नव्हतं.

झाडं पडली तेव्हा मात्र ती बांधावर गेली नाही. करवतीचा आवाज घरापर्यंत येत होता आणि सातवं पडलं असेल, आता तेविसावं असेल, असं तिच्या मनात मोजणं चाललं होतं. त्यांना मोठं करायचं म्हणून तिने काही केलं नव्हतं. तरी तिला उगाच चुकल्यासारखं वाटलं आणि ती शेळ्यांवर ओरडली.

पैसे आले तसे सुग्रीवने विचारलं, काय करायचं. साखराबाई म्हणाली, झाडं लावायची. पुढच्या आषाढात काळीच्या कडेला, बांधापासून सहा फूट आत, तिने मलबार नीमची एक ओळ स्वतःच्या हाताने लावली. काळी माती, तिचा छाटणीचा हात. वर्षभरात झाडं पुरुषभर उंच झाली. येणारा-जाणारा थांबून बघायला लागला. सल्ला विचारायला लोक आता वरच्या अंगाला नाही, खालच्या अंगाला यायला लागले. चकलांब्याहून एक जोडपं आलं, ते मनकर्णाच्या दारावरून पत्ता विचारत आलं.

त्यानंतर आठ दिवसांनी मनकर्णाने दोन गडी लावले आणि बांधाच्या आपल्या बाजूने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मांडीभर खोल चर खणायला घेतला.

"कशापायी गं?" साखराबाईने बांधावरून विचारलं.

"तुमच्या झाडाच्या मुळ्या माझ्या हळदीत यायल्यात," मनकर्णा तिच्याकडे न बघता म्हणाली. "माझं पानी प्यायल्यात. तोडून टाकते."

भादव्यात पाऊस लागला. मुरमाड वरच्या अंगाला, उताराचं. इतकी वर्षं तिथलं पाणी बांधाच्या मोडक्या टोकाने ओढ्याला निघून जायचं. यंदा ते चरात साठलं. काठोकाठ भरलेलं ते पाणी बांधाखालून हळूहळू पाझरत काळीत उतरायला लागलं, नेमकं साखराबाईच्या ओळीत, आणि उघडीप मिळाली की चर रिकामा व्हायचा. सुग्रीवने ते बघितलं आणि तो हसत म्हणाला, "सांगावं का गं तिला?"

साखराबाईने त्याला कोपर मारलं. पलीकडे मनकर्णा पदर खोचून स्वतः चरात उतरली होती, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत, एकेका घावाबरोबर, तो अजून खोल करत होती. साखराबाई बांधावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली, पण एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर मनकर्णाने चर बुजवला असता.